न टपकणारं धुणं

बारा घरांची इमारत ज्याच्या नावावर असते त्याला लोक श्रीमंत म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! शुब्रा मोहल्ल्यातल्या हाजी झनातीच्या बारा घरांचं महिन्याचं भाडं गोळा करून खाटकाकडे नेलं, तर खाटीक दोन किलो मटण तोलायचा आणि वर म्हणायचा, "हाजी, मालक माणसं तुम्ही, अन् हाडकं कसली फुकट मागता?"

भाडी ठरली होती हाजीच्या वडिलांच्या काळात, आणि कायद्याने ती तिथेच गोठवून टाकली होती. भाडं वाढवायचं नाही, भाडेकरूला काढायचं नाही, तो मेलाच तर त्याच्याबरोबर राहणारी पोरं तेवढ्याच भाड्यात पुढे सुखाने नांदणार. बाकी सगळं मात्र वाढत होतं. लिफ्टची मोटार जळली तेव्हा दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला, त्यात साऱ्या इमारतीचं सात वर्षांचं भाडं गेलं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तेव्हापासून लिफ्ट तळमजल्यावर उभी होती आणि दरवान इद्रीस तिच्यात कांदे साठवायचा.

हेही हाजीने सोसलं असतं. पण त्याच्या हानीचं दुसऱ्या मजल्यावरच्या शिरीनशी जमलं. पोरगी लाखात एक, त्यात वाद नाही. वाद होता तिच्या बापाशी. उस्ताद फिक्री म्हणजे निवृत्त भूगोल मास्तर. महिना नऊ पौंड भाडं देणार आणि त्याची पावती उजेडात धरून तपासणार. वरच्या मजल्यावरून धुण्याचा एक थेंब खाली पडला की हा गॅलरीत येऊन सगळी गल्ली डोक्यावर घेणार. साखरपुडा होऊन चार वर्षं झाली, तसा हा एक दिवस खाली आला आणि हाजीच्या दिवाणखान्यात ताठ बसून म्हणाला, "हाजी, मोठ्या ईदपर्यंत पोरांच्या घराची किल्ली माझ्या हातात पाहिजे. नाहीतर ही अंगठी परत घ्या. कुवेतला एक इंजिनिअर आहे, तो विचारतोय."

"अहो उस्ताद, नऊ पौंडांत तुम्ही माझ्या घरात राहता, आणि वर माझ्याकडेच घर मागता?"

"राहतो तो भाडेकरू म्हणून. मागतो तो मुलीचा बाप म्हणून. दोन्ही खाती वेगळी ठेवा."

आता काय बोलणार! नवऱ्यामुलाने घर उभं करायचं ही आमच्याकडची रीत, आणि मुलाचा बाप इमारतवाला असला की तोंड उघडायचीही सोय नाही. पहिल्या मजल्यावरच्या हाजीच्या दोन खोल्यांत तो, बायको करीमान, हानी आणि तीन वर्षांपासून येऊन राहिलेली सासू हाजा तफीदा. तिथे सून आणायची तर हानीला लिफ्टमध्ये कांद्यांवर झोपावं लागलं असतं.

आशा होती ती तिसऱ्या मजल्याची. तिथल्या मदाम इन्शिराहचं भाडं अकरा पौंड. मदाम अब्बासिया मोहल्ल्यात मुलीकडे राहायला गेली आहे अशी कुजबुज होती, पण घर काही सोडत नव्हती. सोडायला तयार होती, पागडी घेऊन. एक लाख पौंड.

"माझं घर, आणि मीच लाख मोजू?" हाजी जेवताना ताटावरून उठायचा. "आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा नागोबा बिळाचे पैसे मागतोय!"

करीमान शांतपणे म्हणायची, "हाजी, बसा. कालवण निवतंय. सरळ हिशेब आहे. आईचंही अब्बासियाला घर आहे ना?"

होतं. हाजा तफीदाचं अब्बासियातलं घर सहा पौंड भाड्याचं. गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून बाई जावयाकडे, आणि घराला कुलूप. हाजी स्वतः दर महिन्याला जाऊन ते सहा पौंड तिथल्या दरवानाकडे भरायचा आणि 'वारस अब्दुल मलिक' असा शिक्का असलेली पावती जपून खिशात घालायचा. मालकाचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं. एकदा दरवानाने भाडं घेत नाही म्हटलं, तर हाजीने लगेच ते कोर्टात जमा केलं होतं. "हक्क आहे म्हातारीचा! मालक झाला म्हणून काय गळा धरणार?" हे बोलताना त्याला जरासुद्धा ठसका लागला नव्हता.

"तिथला मालक आईला घर सोडायचा लाख द्यायला तयार आहे," करीमान पुढे म्हणाली. "गाडी विकतोय त्यासाठी, असा दरवानाचा निरोप आहे. तो लाख घ्यायचा, मदामला द्यायचा, किल्ली उस्तादच्या हातात ठेवायची. मदामशी मी बोलून ठेवलंय. थांबते म्हणाली."

एवढं सरळ होतं. पण सरळ रस्ता दिसला की हाजीच्या पायांत गोळे यायचे. त्याच्या डोक्यात दुसराच हिशेब शिजत होता. तिकडचा लाख घरात ठेवायचा, आणि मदामला फुकट बाहेर काढायची. भाडेकरू राहतच नाही असं सिद्ध झालं तर दावा लावता येईल, असं एक वकील म्हणाला होता. झालं! हाजीने समोरच्या कहवाखान्यात खुर्ची टाकली आणि गॅलरीवर डोळा ठेवला.

पण तिसऱ्या मजल्यावर तर घर नांदत होतं. संध्याकाळी दिवा लागायचा. दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, वाणी तिच्यात ब्रेड टाकायचा, टोपली वर जायची. शुक्रवारी धुणं वाळत पडायचं. एक गुलाबी झगा, दोन टॉवेल, एक चादर. हाजी हुक्का ओढत बघत राहायचा आणि चिडत राहायचा.

तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो धावत जिना चढला आणि उस्ताद फिक्रीचं दार वाजवलं.

"उस्ताद, मदामच्या धुण्यावरून तुम्ही शेवटचं कधी भांडलात?"

फिक्री दारातच उभा राहून आठवू लागला. "वर्ष झालं असेल. खरंच की! एक थेंब पडला नाही. मी तरी म्हणतोय, शुक्रवारचं काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं का होतंय."

धुणं कोरडं होतं! हाजी खाली वाण्याकडे गेला. "मदाम भावात घासाघीस करते का रे?" वाणी म्हणाला, "नाही बुवा. जे टाकतो ते घेते. फार सुधारली बाई." हाजीने मांडीवर थाप मारली. आमच्या गल्लीत कोणती बाई घासाघीस न करता ब्रेड घेते? जी घरात नसते ती!

मग त्याने इद्रीसची मानगूट धरली. नजर ठेवायचे पैसे इद्रीस हाजीकडून घेत होता, आणि रोज वर जाऊन दिवा लावायचे, टोपली सोडायचे, झगा वाळत घालायचे पैसे मदामकडून.

"दोन्हीकडून खातोस, निर्लज्जा?"

"हाजी, तुमचे पैसे बघायचे, तिचे वाळत घालायचे. दोन्ही कामांत कसूर केली असेल तर सांगा."

हाजीला इतका आनंद झाला होता की त्याने त्याला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे बरीच गर्दी होती. हाजीच्या शेजारच्या खुर्चीवर एक जाडजूड, टकलू गृहस्थ वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. त्याने उसासा सोडला, हाजीने सोडला, आणि दोन मालकांची ओळख व्हायला आणखी काही लागत नाही.

"लबीब म्हणतात मला," तो म्हणाला. "वडिलोपार्जित इमारत. गच्ची गळते, नळ फुटतात, आणि भाडं ऐकाल तर माझ्यासाठी भीक मागाल. एक म्हातारी तर घराला कुलूप लावून कुठे गडप झालीय. वर पागडी मागते. तिच्यापायी मी गाडी विकायला काढलीय हो!"

"गाडी विकू नका!" हाजीने त्याचा हात घट्ट धरला. "अहो, ही माणसं म्हणजे जळवा. घरात राहायचं नाही आणि घर सोडायचंही नाही. लाज नावाची चीज नाही. ऐका, मी तुम्हाला गंमत सांगतो." आणि हाजीने चहा मागवून सगळं सांगितलं. खालच्या भाडेकरूला विचारा, पाणी टपकतं का. वाण्याला विचारा, घासाघीस होते का. मग कोर्टाचा माणूस घेऊन पाहणीला जा. बोलता बोलता तो इतका रंगात आला की उभा राहून धुणं कसं टपकतं तेही हात हलवून दाखवलं.

लबीबचे डोळे भरून आले. त्याने हाजीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "अल्लाहने तुम्हाला माझ्यासाठी धाडलं, हाजी."

हाजी त्या दिवशी शीळ घालत घरी आला.

आठवडाभराने अब्बासियाचा दरवान निरोप घेऊन दारात उभा. मालकाने गाडी विकायचं रद्द केलंय. लाख नाही, लाखाचा पाव नाही. हाजा तफीदा घरात राहत नाही असा त्याचा दावा आहे, आणि गुरुवारी कोर्टाचा माणूस पाहणीला येणार. "त्यांनी खालच्या बिऱ्हाडाला विचारलं म्हणे, वरून पाणी टपकतं का. आणि वाण्याला विचारलं, बाई घासाघीस करते का. काय डोकं आहे लबीबसाहेबांचं!"

हाजीने दार लावून घेतलं. त्याचा चेहरा पडला तो करीमानने पाहिला, आणि पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तिला आणखी काही विचारावं लागत नव्हतं.

"तुम्हीच ना?"

"मला काय माहीत तो तोच आहे म्हणून? पावतीवर वारस अब्दुल मलिक असतं!"

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची सवय तुमची! आता तिकडचा लाख गेला. इकडे मदामवर दावा लावाल तर कोर्टात वर्षं जातील. ईद दोन आठवड्यांवर आलीय. आणि तो मास्तर अंगठी काढून बसलाय." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली. हानी दारात उभा होता. तो वळून गॅलरीत गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं हाजीला वाटलं. चार वर्षं हा पोरगा गॅलरीतून वर बघत जगला, आणि बापाने फुकटच्या मोहाने त्याचं घर घालवलं. हाजीला मनापासून लाज वाटली.

आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. "झनाती! रडून झालं असेल तर इकडे ये. माझं घर रिकामं म्हणतो तो? गुरुवारी मला तिकडे घेऊन चल. आणि करीमान, घरातलं सगळं मळकं काढ. धुवायचं, पण पिळायचं नाही!"

गुरुवारी सकाळी हाजी आणि हानीने हाजा तफीदाला खुर्चीसकट उचलून तीन मजले चढवले. म्हातारी हाडाने मोठी. वाटेत प्रत्येक वळणावर सूचना करत होती, "भिंतीला घासू नका, मालकाची इमारत आहे." वर पोचल्यावर हाजीच्या छातीचा भाता झाला होता. करीमानने बादल्या भरल्या होत्या. म्हातारी गॅलरीच्या दारात बसली, टोपली खाली सोडली आणि खालच्या भाजीवाल्याला हाक मारली.

"ए, वांगी कशी दिलीस?"

भाजीवाल्याने भाव सांगितला. तीन वर्षांची साठलेली घासाघीस त्या बाईच्या पोटात होती. तिने वांग्यांना किडकी म्हटलं, तराजूला लंगडा म्हटलं, भाजीवाल्याच्या आजोबांचा प्रामाणिकपणा काढला आणि टोपली तीनदा परत पाठवली. लोक कडेला उभे राहून ऐकू लागले. नेमका तेव्हाच लबीब कोर्टाच्या माणसाला घेऊन गल्लीत शिरला.

"बघा हं साहेब, कसं सगळं बंद..." लबीब बोलत बोलत गॅलरीखाली आला.

आत करीमानला ओली गोधडी उचलेना. "हाजी, हात लावा!" हाजीला बाहेर न दिसण्याची सक्त ताकीद होती, पण गोधडी तिला घेऊन खाली जायला निघाली तसा तो धावला आणि दोघांनी मिळून ती कठड्यावर टाकली. अर्धी बादली पाणी सरळ लबीबच्या टकलावर आलं.

लबीबने वर पाहिलं. हाजीने खाली पाहिलं.

"हाजी झनाती? तुम्ही? माझ्या भाडेकरणीच्या गॅलरीत?"

हाजीला गोधडीमागे लपावंसं वाटलं. "लबीबभाई... सलाम अलैकुम."

"अहो, तुम्हीच ना म्हणालात, ही माणसं जळवा! लाज नावाची चीज नाही! मालक माणसं आपण, मालकाच्या बाजूने बोला!"

"तिकडे मी मालक आहे, भाई," हाजी कसाबसा म्हणाला. "इथे जावई आहे."

म्हातारीने मान वळवून जावयाकडे एकदाच पाहिलं. ते जळवांचं नंतर बघून घेईन, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

कोर्टाच्या माणसाच्या बाहीवर पाणी उडालं होतं. तो वर आला, म्हातारीला पाहिलं, तिने त्याच्या बापाचं नाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं, एवढ्या उशिरा का केलं ते विचारलं, आणि चहा पाजला. खाली उतरून तो लबीबला म्हणाला, "साहेब, बाई घरात आहे. चांगली पुरेपूर आहे. मी तरी इथे पुन्हा यायचा नाही."

लबीब ओल्या डोक्याने गल्लीत उभा राहिला. हाजा तफीदाने टोपली त्याच्यासमोर सोडली.

"ओरडू नकोस, घसा बसेल. किती देतोस ते लिही आणि टाक हिच्यात."

लबीबने सिगारेटच्या पाकिटावर आकडा लिहिला. टोपली वर आली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून म्हातारीने पाकीट जावयाच्या हातात दिलं.

"नव्वद हजार," हाजी कुजबुजला. "घ्या हाजा, पाया पडतो, घ्या."

"गप्प बस. तुझ्या शहाणपणामुळेच मी जिने चढलेय." तिने एक किडकं वांगं टोपलीत टाकून ती परत खाली पाठवली. "हे नव्वदवालं!"

गल्ली हसली. पुढच्या खेपेला लाख आला. म्हातारी म्हणाली, "लाख तर आधीच ठरला होता. माझ्या धुण्याला कोरडं म्हणालास, त्याचे दहा वर." लबीबने आभाळाकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं, मग या जागेत नवा भाडेकरू महिन्याला काय देईल याचा विचार केला असावा, कारण त्याने एक लाख दहा लिहून टोपली स्वतःच्या हाताने वर ढकलली. त्याची गाडी दुसऱ्याच दिवशी गेली.

पैसे हातात आले तशी हाजीच्या डोक्यात पुन्हा हिशेब शिजू लागला. लाख मदामला, दहा आपल्याला. दहा हजारांत लिफ्टची मोटार! पण मदाम इन्शिराह अब्बासियातच मुलीकडे राहायची, आणि गुरुवारच्या गर्दीत ती पहिल्या रांगेत उभी होती. ती शुब्राला आली, हाजीच्या हातचा चहा घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "एक लाख दहा, हाजी. माझ्या धुण्यालाही तुम्ही कोरडं म्हणालात."

"ते होतंच कोरडं!"

"हो ना. पण बाईच्या तोंडावर म्हणायचं असतं का?"

हाजीने करीमानकडे पाहिलं. करीमान खिडकीबाहेर बघत होती. तेल गेलं, तूप गेलं, आणि लिफ्टमधले कांदे जागच्या जागी राहिले.

ईदच्या आदल्या दिवशी हाजीने किल्ली उस्ताद फिक्रीच्या हातात ठेवली. फिक्रीने ती उजेडात धरून तपासली, आणि मग कोटाच्या खिशातून एक कागद काढला. भाडेकरार. घर हानी आणि शिरीनच्या नावे, मुदत एकोणसाठ वर्षं, भाडं महिना अकरा पौंड.

"माझा पोरगा माझा भाडेकरू?" हाजी ओरडला. "एकोणसाठ वर्षं?"

"माणसाचं मन फिरतं, हाजी. मालकाचं तर लवकर फिरतं. मी नऊ पौंडांत तीस वर्षं निर्धास्त झोपलो, ते तुमच्या मायेवर नव्हे, कागदावर. माझ्या लेकीनेही तसंच झोपावं."

हाजीने हानीकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच पोरगा वर गॅलरीकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता. हाजीने पेन मागितलं आणि सही केली.

लग्न झालं. पहिल्या शुक्रवारी हाजी नमाज आटोपून आला आणि इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसला. टप्पकन एक थेंब त्याच्या डोक्यावर पडला. मग दुसरा. त्याने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या दोरीवर नव्या नवरीचं धुणं टांगलेलं, आणि सगळ्यातून पाण्याच्या धारा.

दुसऱ्या मजल्याचं दार धाडकन उघडलं. वर्षभराची साठलेली भूक घेऊन उस्ताद फिक्री गॅलरीत आला. "कोण आहे वर? माणसं राहतात का जनावरं? ओतलं सगळं माझ्या पेपरावर!"

वरून ओल्या हातांनी शिरीन वाकली. "बाबा, मी आहे!"

फिक्रीने ओला पेपर हळूच पाठीमागे नेला. हाजीला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते धुण्याच्या पाण्यावर ढकललं.

"हाजी!" फिक्रीने वरून त्यालाच गाठलं. "मालक ना तुम्ही? काहीतरी बोला त्यांना!"

"काय बोलू, उस्ताद?" हाजी खुर्ची थेंबांखालून न हलवता म्हणाला. "घरात माणसं राहतात."